सरळ पट्टी

"सरळ आहे की गं," आप्पा म्हणाले आणि त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

टेबलावर मी आणलेला लांबलचक कागद पसरला होता. गुंडाळून आणल्यामुळे तो सारखा मिटत होता, म्हणून एका टोकावर आईनं मिठाची बरणी ठेवली होती आणि दुसरं टोक आप्पांनी तळव्यानं दाबून धरलं होतं. कागदावर एक पट्टी होती, चार बोटं रुंद, दोन्ही कडा आखल्यासारख्या सरळ, आत निळा, हिरवा, थोडा पिवळा रंग. ही पट्टी म्हणजे आप्पांच्या पोटातली मोठी रक्तवाहिनी. शाळेच्या पुस्तकात तिला महारोहिणी म्हणत, डॉक्टर एऑर्टा म्हणाले होते. मी ती कॉम्प्युटरवर उभी कापून, उलगडून, सपाट करून आणली होती. "आप्पा, हे चित्र असं वाचायचं नसतं," हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मी तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात आप्पांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. गेला महिनाभर त्या तिथं मुक्कामाला होत्या; दाढी करताना, जेवताना, टीव्हीवरच्या बातम्या बघताना. त्या गेल्या आणि खालून माझे जुने आप्पा वर आले, वरचा दात जरासा पुढे असलेले, हसताना डावा डोळा बारीक करणारे. "अगं, ऐकलंस का," ते स्वयंपाकघराकडे बघून म्हणाले, "चहा टाक. पोरीनं मशीनवर बघितलंय. सरळ आहे सगळं." आणि मी उघडलेलं तोंड मिटलं. मिटताना दातावर दात आपटल्याचं मला ऐकू आलं. मग मी चहा प्यायले. त्यात साखर जास्त होती.

आप्पांना मुतखड्याचा संशय होता, एवढंच झालं होतं. सोनोग्राफीला गेले, तिथला तरुण मुलगा मशीन पोटावर फिरवता फिरवता बोलायचा थांबला, आणि मग एकातून एक तपासण्या निघत गेल्या. त्या मोठ्या वाहिनीची भिंत बेंबीच्या जरा वर पातळ होऊन फुगली होती. "फुगवटा साडेपाच सेंटिमीटरच्या पुढे गेलाय," डॉक्टर म्हणाले होते. "आपण असं समजा की तो एक दिवस फुटणार. कधी ते मला सांगता येणार नाही. फुटला तर मात्र इथपर्यंत पोचायला वेळ मिळत नाही. पोट उघडून तेवढा भाग काढायचा आणि कृत्रिम नळी बसवायची. येत्या बुधवारी करू, मंगळवारी दाखल व्हा." आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. रिपोर्टच्या पाकिटाला हातही लावला नाही. उठताना म्हणाले, "माझी मुलगी याच कामात आहे, खराडीला. ती एकदा मशीनवर बघेल, मग ठरवू." डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "अवश्य बघा," ते म्हणाले. "फुगवटा काही लाजून लहान होणार नाही. मंगळवारी या." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण आप्पांचं वाक्य खोटं नव्हतं, आणि पाकिटातली सीडी मी पर्समध्ये टाकली होती.

कारण मी खरंच याच कामात होते. सात वर्षं मी रोज वारज्याहून कंपनीच्या बसनं शहर आडवं ओलांडून खराडीला जात होते, आणि तिथल्या गारठवणाऱ्या हॉलमध्ये शाल गुंडाळून नळ्या उलगडत होते. घरी मी याला 'सॉफ्टवेअर' म्हणत असे. आईही चारचौघांत 'सॉफ्टवेअर'च म्हणे, आणि विषय तिथं संपे. काम असं होतं: परदेशातल्या एका कंपनीसाठी, माणसाच्या स्कॅनमधून त्याच्या रक्तवाहिनीचा पृष्ठभाग तयार करायचा. कॉम्प्युटरला गोल काही कळत नाही. त्याला त्रिकोण कळतात. म्हणून हजारो बारीक त्रिकोण एकमेकांना कडेकडेनं जोडून त्यांची जाळी विणायची, ती नळीच्या आकाराची होते, वरचं तोंड उघडं, खालचं तोंड उघडं. पण नळी एका नजरेत दिसत नाही, पुढून बघावं तर मागचं लपतं. म्हणून ती वरच्या तोंडापासून खालच्या तोंडापर्यंत उभी कापायची आणि कागदासारखी पसरायची. बाहीची शिवण उसवली की कापड जमिनीवर सपाट पडतं, तसं. प्रत्येक त्रिकोणाला पट्टीवर त्याची जागा द्यायची, कुणी कुणावर चढता कामा नये, कुणी उलटा पडता कामा नये. माझं सगळं डोकं, माझी सात वर्षं, यात गेली होती. कापायचं कुठून, कमीत कमी ताण कसा पडेल, हे मी झोपेतही सांगितलं असतं. आणि साधी बाही असेल तर सगळं ठीक होतं. पण फुग्याची बाही असेल तर? चौथीत असताना मला फुग्याच्या बाह्यांचा फ्रॉक होता, आणि एकदा घाईत आईनं त्यावरून सरळ इस्त्री फिरवली होती. चुण्या दबून गेल्या, बाही सपाट झाली, वरून बघणाऱ्याला फुगा होता हे कळलंही नसतं. आमची पट्टी सगळीकडे सारख्याच रुंदीची असते. नळी जिथं तिप्पट फुगली असेल तिथले त्रिकोणही तेवढ्याच रुंदीत दाटीवाटीनं बसतात. फुगवटा जातो कुठं, तर तो रंगात जातो. जिथं पिवळा, तिथं दाबलंय असं समजायचं. हे आम्हाला इतकं पाठ असतं की आम्ही पिवळं बघितलं की आमच्या डोळ्यांपुढे फुगवटा उभा राहतो, आणि पट्टी सरळ आहे हे आम्हाला दिसतसुद्धा नाही.

शनिवारी मी ऑफिसात एकटी होते. एसी बंद होता, म्हणून खिडक्यांशी ऊन साचलं होतं आणि खालच्या प्लॉटवर कुठल्याशा नव्या इमारतीचा पाया खणत होते. आप्पांची सीडी मशीनमध्ये घातली. स्क्रीनवर एकेक काप येत गेला, करड्या पोटाचे करडे काप, त्यात पाठीचा कणा, आणि कण्यापुढे तो वाटोळा डाग. कापागणिक मोठा होत गेला, मोठा होत गेला, मग लहान झाला. मी जाळी बनवली. मोज्यात चेंडू अडकलाय असं ते दिसत होतं. मी ते फिरवून पाहिलं, पुढून, मागून, वरून. मोजलं. डॉक्टरांचाच आकडा आला, केसभर इकडे नाही की तिकडे. आणि मग जे झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. मी कामाला लागले. जाळीत दोन ठिकाणी भोकं होती ती बुजवली. मूत्रपिंडांकडे जाणारे फाटे कापून तोंडं गुळगुळीत केली. काही त्रिकोण सुईसारखे लांबट झाले होते ते मोडून नीट केले. कापायची रेघ पाठीच्या बाजूनं नेली, फुगवट्याला अजिबात न शिवता, आणि पट्टी एका झटक्यात पसरली, एकही त्रिकोण उलटा नाही. मला आनंद झाला. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच सांगायचं तर मला आनंद झाला, शीळ घालावीशी वाटली. ही जाळी कुणाची आहे हे मी तेवढा वेळ विसरले नव्हते, ते बाजूला उभं होतं, दारात थांबलेल्या पाहुण्यासारखं. मग प्रिंट काढायची वेळ आली. मोज्यात अडकलेल्या चेंडूचं चित्र मी प्रिंटरला पाठवलं आणि ते बाहेर येण्याआधीच रद्द केलं. ते फार ओंगळ दिसत होतं. आप्पांच्या पोटात असलं काही आहे हे त्यांच्या हातात कसं द्यायचं? पट्टी देखणी होती. पट्टीवरून मी त्यांना सावकाश समजावून सांगेन, पिवळ्यावर बोट ठेवून, असं मी ठरवलं. ठरवलं होतं हे नक्की. बोट ठेवायच्या आधी ते हसले.

रविवारी दुपारी फोन सुरू झाले. आमच्या घरात अजून तारेचा फोन होता, कारण आप्पांची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात गेली होती आणि ते खातं त्यांच्या मनातून कधी निवृत्त झालं नव्हतं. मी लहान असताना लोक आमच्याकडे फोनच्या रांगेत आपला नंबर कुठवर आलाय ते विचारायला येत. मोठमोठे लोक येत, सदाशिव पेठेतले, प्रभात रोडवरचे, आमच्या घरात पाणी प्यावं की नाही असा क्षणभर विचार करून ते पिणारे. "कचरूसाहेब," म्हणत. त्या नावापुढे साहेब लावताना त्यांची जीभ किंचित अडखळे ते मला तेव्हाही ऐकू येई. आजीचे आधीचे मुलगे जगले नाहीत, म्हणून आप्पांना जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून उचललं होतं, म्हणून हे नाव. माझं नाव त्यांनी असं ठेवलं की त्यावरून कुणाला काही ओळखता येऊ नये. रस्ता खणून केबलचा सांधा जोडायचं काम चालू असलं की ते मला कधीतरी घेऊन जात, आणि खड्ड्यात उतरलेला माणूस वितळलेलं मेण केबलवर ओतत असताना काठावर उभे राहून मला सांगत, "या एका नळीत अख्खी पेठ बोलतीय, बघ." मग मोबाईल आले आणि आमच्याकडे पाणी प्यायला कुणी येईनासं झालं. तेच आप्पा रविवारी दुपारी पाट मांडून बसल्यासारखे फोनपुढे बसले आणि एकेकाला सांगत सुटले. "नाही नाही, ऑपरेशनचं रद्द. म्हणजे करतोय रद्द. निकितानं ऑफिसात बघितलं ना, तिच्या कंपनीत तीच मशीनं आहेत, परदेशातले डॉक्टरसुद्धा तीच वापरतात. एकदम सरळ. पट्टीसारखी सरळ." मी आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. एकच टॉवेल मी पुन्हा पुन्हा मोडून घडी करत होते. आई दारात येऊन उभी राहिली. "खरंच ना गं?" तिनं हळू आवाजात विचारलं. मी म्हणाले, "बघू या. डॉक्टरांशी मी बोलते." "मी ते नाही विचारलं," आई म्हणाली, आणि थोडं थांबून स्वयंपाकघरात गेली. तिथून भांड्यांचा आवाज आला नाही.

एक वाक्य बोलायला किती वेळ लागतो? हे मी रविवारी रात्रभर नाही, पण झोप लागेपर्यंत स्वतःला विचारत होते. जेवताना बोलता आलं असतं. आप्पांनी महिन्याभरात पहिल्यांदा भाकरी मागून घेतली, ठेचा घेतला, आणि हायवेवरच्या ट्रकांच्या आवाजावर काहीतरी विनोद केला. त्या क्षणी कसं बोलणार? जेवण झाल्यावर बोलता आलं असतं. तेव्हा ते बातम्या बघत होते. प्रत्येक वेळेला ती वेळ चुकीची वाटे, आणि ती गेली की तीच बरोबर होती असं वाटे. आणि या सगळ्याच्या खाली, फार खाली, आणखी एक गोष्ट होती. आप्पांचं पोट उघडणार, ही कल्पना मला सहन होत नव्हती. मी हजार वेळा नळ्या उभ्या कापल्या होत्या, त्यातून कधी थेंबही आला नव्हता. बुधवार टळला तर मलाही हवाच होता. मी त्यांना फसवत होते की त्यांच्या पाठीमागे लपत होते हे मला कळत नव्हतं. सोमवारी सकाळी बूट घालताना मी आप्पांना हॉस्पिटलला फोनवर बोलताना ऐकलं. "होय, आम्ही दुसरीकडे तपासून घेतलं. हो, आमची जबाबदारी. धन्यवाद." त्यांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी जागेवर ठेवला, नोकरीत असताना ठेवायचे तसा. बस खाली हॉर्न देत होती. मी गेले. जिन्यावरून धावत गेले.

ऑफिसात माझी पट्टी मोठ्या स्क्रीनवर लावलेली होती. आमचा टीम लीड दिग्विजय तिच्यापुढे कॉफीचा कप घेऊन उभा होता. हा कोल्हापूरचा, मनानं मोकळा, बोलणं अर्धं इंग्रजी. शनिवारी मी फाईल सगळ्यांच्या फोल्डरमध्येच ठेवून गेले होते, सवयीनं. "निकिता, बॉस, हा कुठला डेटा उचललास? काय सुपर्ब पसरलंय! एकसुद्धा फ्लिप नाही. आणि हा फुगवटा बघ ना, असली क्लासिक केस आपल्याला मिळत नव्हती. गुरुवारच्या डेमोला हाच टाकू या, क्लायंट वेडा होईल." त्यानं फुगवटा म्हटलं. सरळ पट्टीपुढे उभं राहून, पिवळ्यावर कपाचं बूड टेकवून, सहज म्हटलं. त्याला तो दिसत होता. घरी ज्या कागदावर आनंदाचा चहा झाला होता, तोच इथं उघडानागडा फुगवटा होता. मी म्हणाले, "तो डेमोला नाही वापरायचा." "का? नाव काढून टाकू ना." "माझे वडील आहेत ते," मी म्हणाले. दिग्विजयनं कप खाली घेतला. स्क्रीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत स्क्रीनकडे. "सॉरी यार. मला... सॉरी. मग ऑपरेशन कधी आहे?" बुधवारी, मी म्हणाले. बुधवारी होतं, असं म्हणायला पाहिजे होतं. तो म्हणाला, "घे ना सुट्टी मग, इथं काय करतीयस?" आणि स्वतःच जाऊन त्यानं स्क्रीन बंद केली. मी कॅन्टीनमध्ये न जाता जागेवर बसून राहिले. पर्समध्ये त्याच कागदाची दुसरी प्रत होती. ती काढून मी तिची नळी केली, कडेला कड जुळवून. सरळ नळी झाली, कॅलेंडर गुंडाळल्यासारखी. तिच्यातून पलीकडचा काचेचा दरवाजा दिसत होता. मी ती मध्ये दाबली, फुंकली, चुरगळली. कागदाला फुगवटा आला नाही. मी जे काढून घेतलं होतं ते आता कागदात कुठंच नव्हतं.

मंगळवारी दुपारी मांजरीहून आत्याचा फोन आला. गोदाबाई आत्या, आप्पांची थोरली बहीण, उसाच्या पट्ट्यात नव्या इमारती उठल्या तरी तिनं आपली दोन खणांची जागा सोडलेली नाही. मोबाईलवर ती नेहमी ओरडून बोलते, मांजरी ते खराडी अंतर आवाजानंच कापायचं असल्यासारखी. "निकिता, अगं कचरूचा फोन आलता. तुझ्या मशीननं बघितलं म्हनं, नस सरळ हाय म्हनं. बाई माझी! मी विहारात जाऊन मेनबत्ती लावली बघ. पेढं वाटलं सगळ्या आळीला. माझी भाची डाक्टराला भारी हाय म्हनलं. तुझ्या हातानं माझा भाव वाचला गं पोरी, औक्षवंत हो." मी "आत्या" म्हणाले आणि नाक ओढलं. "रडतीस का काय? रडू नगंस. आता काय रडायचं हाय? मिटलं की समदं." ती हसत होती, आणि फोनमागे कुणीतरी पोरं पेढ्यावरून भांडत होती. आत्यानं आप्पांना उकिरड्यावरून उचललं होतं. आजीनं ठेवलं आणि सात वर्षांच्या आत्यानं उचललं, रीतच तशी होती, उचलणारीनं मूल परत द्यायचं. ती अजून सांगते, केवढंसं होतं, हातात मावत नव्हतं. तिला आता मी काय परत देणार होते? फुटला तर इथपर्यंत पोचायला वेळ मिळत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. आज, आत्ता, मी फोन कानाला लावून उभी असताना फुटू शकत होता. पेढे वाटून झालेले असताना. मी फोन ठेवला, पर्स उचलली आणि कंपनीच्या बसची वाट न बघता रिक्षा केली. रिक्षावाल्यानं वारजे ऐकून एकदा मागं वळून बघितलं. "मॅडम, एवढ्या लांब? बसनं का नाही गेलात?" तो म्हणाला, आणि मीटर टाकलं. बंडगार्डनच्या पुलावर गर्दी होती. रिक्षा एकदा थांबली की ती परत हलेपर्यंत मी श्वास धरून ठेवत होते.

आप्पा गॅलरीच्या दारापाशी कॉटवर आडवे झाले होते, बनियन आणि पायजमा, छातीवर उघडा पेपर. आई शेजारी भाग्यश्रीकाकूंकडे गेली होती. "एवढ्या लवकर?" त्यांनी विचारलं. मी पर्स खांद्यावरून न काढताच कॉटच्या कडेला बसले. बसल्याशिवाय बोलणं जमलं नसतं आणि बसल्यावर थांबलं असतं तरी जमलं नसतं. "आप्पा, रविवारी मी दाखवलं त्या चित्रात फुगवटा दिसत नाही. दिसूच शकत नाही. मी नळी कापून सपाट करते तेव्हा ती सगळीकडे सारख्या रुंदीची होते, कुणाचीही केली तरी पट्टी सरळच येते. तुमचा फुगवटा आहे. डॉक्टर म्हणाले तेवढाच आहे. मी स्वतः मोजला." एवढं सगळं मी पंख्याकडे बघून बोलले. पंखा बंद होता. आप्पा उठले नाहीत. पेपर मात्र घडी करून बाजूला ठेवला, घडी नीट बसेपर्यंत दोनदा केली.

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तुम्ही हसलात," मी म्हणाले. "मला भीती वाटली. मला ते मोडवेना."

खाली हायवेवर ट्रक गिअर बदलत चढत होते. मी वाट बघत होते की ते रागावतील. रागावले असते तर मला कुठंतरी उभं राहायला जागा झाली असती. "सगळ्यांना फोन केले मी," शेवटी ते म्हणाले. "गोदाक्कानं पेढे वाटले." मी म्हणाले, "मी सांगते आत्याला. माझ्याकडून चूक झाली म्हणून सांगते सगळ्यांना. तुम्हीही तसंच सांगा, पोरीनं चुकीचं सांगितलं म्हणा."

"तसं नाही सांगणार मी," आप्पा म्हणाले. मग, जरा वेळानं, अगदी साध्या आवाजात, नव्या बसचा मार्ग विचारावा तसं, त्यांनी विचारलं, "कुठून कापतात गं ते?"

मला उत्तर माहीत होतं. मी हात पुढे केला आणि त्यांच्या बनियनवर, छातीचं हाड संपतं तिथं, बोट ठेवलं. मोठी झाल्यापासून मी आप्पांना असा हात लावला नव्हता. ते हाडकुळे होते, बनियनच्या खाली पोट खपाटीला गेलेलं. बोट सावकाश खाली आणलं. "इथून," मी म्हणाले, "असं सरळ, बेंबीच्या बाजूनं, इथपर्यंत." बेंबीच्या जरा वर बोट असताना खालून ठोका आला. मी दचकले. परत आला. मनगटावर लागते तशी नाडी ती नव्हती; ती रुंद होती, जड होती, माझं बोट उचलून परत खाली ठेवत होती. मी तळवा टेकवला. सगळ्या तळव्याला ते लागत होतं, आतून कुणीतरी न घाई करता दार ठोठावत असल्यासारखं. मी किती वेळा फिरवून पाहिलं होतं ते, पुढून, मागून, वरून. ते हलतं हे मला माहीत नव्हतं.

"लागतंय ना?" आप्पा म्हणाले. "मला दोन महिने लागतंय. उताणं झोपलं की जास्त लागतं. रविवारी तुझा कागद बघितला तेव्हाही लागत होतं." त्यांनी छताकडे बघतच मान हलवली. "मला वाटलं, पोरीच्या मशीनवर सरळ आलंय, म्हणजे हे आपल्या मनाचंच असणार."

मी हात काढायला लागले तर त्यांनी माझ्या हातावर आपला हात ठेवला आणि तो तिथंच दाबून धरला.

"नाही आप्पा," मी म्हणाले. "हे खरं आहे."